पोस्त, बक्षीस आणि हक्काचा पैसा

हातातली कामं चालू असतील तर चालू राहू द्या, फक्त तव्यावरच्या भाकरीकडे लक्ष ठेवा. आज मी तुम्हाला पैशांची एक गोष्ट सांगणार आहे. पगाराच्या पैशांची नाही, वरच्या पैशांची. कुणी त्याला बक्षीस म्हणतं, कुणी चहापाणी, कुणी खुशी. शहरात हॉटेलवाल्या पोराला देतात ती टीप, आणि दिवाळीला देतात ती पोस्त.

सुरुवात माझ्या घरापासूनच करते. माझी पहिली खेप होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात पहाटे बाळंत झाले. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आयाबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, “आजी, मुलगी झाली. पन्नास द्या. मुलगा असता तर शंभर घेतले असते.” सासूबाईंनी पदराची गाठ सोडली, पन्नासाची नोट दिली, तेव्हा कुठे नात हातात आली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. असा राग आला म्हणून सांगू! माझी लेक जन्मली तीच निम्म्या भावानं.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याच आयाबाई मला एसटी स्टँडवर भेटल्या. मी ओळख दिली, लेकीचं सांगितलं, मग जुनी गोष्ट निघालीच. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “ताई, आम्ही ठेकेदाराच्या बाया. चार-चार महिने पगार व्हायचा नाही. मागायला गेलं तर ठेकेदार म्हणायचा, तुम्हाला वरची कमाई आहे की!”

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वरची कमाई आहे, म्हणून पगार नाही. पगार नाही, म्हणून वरची कमाई मागायची. आणि ती कुणाकडून? तर बाळंतिणीच्या सासूकडून. तेव्हापासून मी शोधत गेले की ही खुशी आणि हा हक्क यांची सरमिसळ झाली कशी. तोच इतिहास आज सांगते.

आधी गावातलं बघू. पूर्वी गावगाड्यात कामाचे पैसे रोख मिळत नसत. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार यांनी वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. ते बलुतं. सुईणबाईला बाळंतपणानंतर लुगडं-चोळी, नारळ, पायली-दोन पायली दाणे. बलुतं हे भीक नव्हतं, तो ठरलेला वाटा होता. पण तो मोजून कोण देणार? ज्याचं खळं तो. मन मोठं असलं तर सूप भरून, नाहीतर ओंजळभर. म्हणजे नाव हक्काचं आणि माप मर्जीचं.

याची सगळ्यात जास्त झळ महार समाजाला बसली. गावाचा निरोप पोचवायचा, सरकारी टपाल न्यायचं, मेलेली जनावरं ओढायची, रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. बदल्यात थोडी वतनी जमीन, बलुतं आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखलं, की हे वतन म्हणजे मोबदला नाही, गळ्यातलं दावं आहे. कामाला तास नाहीत, पगाराला आकडा नाही, आणि सोडून जावं तर जमीन जाते. म्हणून १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा सुधारण्यासाठी विधेयक मांडलं. शिळ्यापाक्या भाकरीचा मोह सोडा, असं ते आपल्या माणसांना सांगत राहिले. ही वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. मिळणाऱ्या भाकरीला नको म्हणायचं, कारण ती भाकरी आपल्याला बांधून ठेवते, हे पोटात भूक असताना म्हणायला केवढी हिंमत लागत असेल!

आता मुंबईला जाऊ. गावाकडची माणसं तिथंच गेली होती ना! रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर, सगळीकडची. गिरण्यांमध्ये पुरुष होते तशा बायाही होत्या, विशेषतः सूत गुंडाळायच्या खात्यांत. त्यांच्यावर नायकीण असायची. काम मिळवायचं आणि टिकवायचं तर नायकिणीच्या हातावर काहीतरी ठेवावं लागे. म्हणजे इथं उलटंच. जिच्याकडे कमी तिनंच द्यायचं. खुशीच्या नावाखाली हेही चाले.

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८. त्या काळात कापडाला भाव आला, गिरण्यांना मोठा नफा झाला. पण धान्यही महागलं, मजुराचं पोट भरेना. युद्ध संपल्यावर गिरणीमालकांनी पगाराशिवाय वर्षाला वेगळी रक्कम द्यायला सुरुवात केली. बोनस! पुढं काही वर्षं तो ओळीनं मिळत गेला. कामगार त्याला आपल्या कमाईचा भाग समजू लागले. गावाकडची मनीऑर्डर, दुकानदाराची उधारी, पोरीचं लग्न, सगळे वायदे त्या रकमेवर होऊ लागले.

मग धंदा मंदावला, आणि १९२३ साली मालकांनी सांगितलं की यंदा बोनस नाही. १९२४ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांहून जास्त काळ गिरण्या बंद होत्या. सरकारनं मुंबईचे सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीनं काय निकाल दिला? की या बोनसवर कामगारांचा कुठलाही हक्क सांगता येत नाही. रिवाजानं नाही, कायद्यानं नाही, न्यायबुद्धीनंही नाही. सरळ अर्थ असा की मालकांनी खुशीनं दिलं होतं, आता खुशी नाही. उपासमारीनं थकलेले कामगार मार्चअखेर हात हलवत कामावर परतले.

मैत्रिणींनो, या निकालात एक धडा आहे. खुशीनं मिळालेला पैसा पाच वर्षं मिळो की पन्नास, देणाऱ्यानं मूठ मिटली की संपला. तो कागदावर नसतो.

आणि हे आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत रेल्वेच्या झोपायच्या डब्यांची पुलमन नावाची मोठी कंपनी होती. १८६७ साली स्थापन झालेली. डब्यात प्रवाशांची अंथरुणं घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला त्यांनी काळे लोक ठेवले. त्यातले कितीतरी जण थोड्याच वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सुटलेले. पगार मुद्दाम तुटपुंजा, कारण बाकीचं प्रवासी टीप म्हणून देतीलच. मग त्या टीपेसाठी सतत हसरं तोंड ठेवायचं. मालकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक नोकराला जॉर्ज म्हणूनच हाक मारत. स्वतःचं नावसुद्धा राहिलं नाही! १९२५ साली असा फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं या नोकरांनी संघटना बांधली. त्यांनी काय मागितलं? टीप वाढवा, असं नाही. पुरता पगार द्या आणि कामाचे तास कमी करा. बारा वर्षं झुंजल्यावर, १९३७ साली कंपनीनं करारावर सही केली. महिन्याचे ४०० तास २४० वर आले.

आपल्याकडचे गिरणी कामगारही १९२४ मध्ये हरले म्हणून गप्प बसले नाहीत. पुढं बोनसचे तंटे कोर्टात गेले. कामगारांचं म्हणणं एकच होतं. नफा आमच्या घामातून होतो, तेव्हा त्यात आमचा वाटा आहे, ती मेहेरबानी नव्हे. स्वातंत्र्यानंतर हे म्हणणं हळूहळू मान्य झालं आणि १९६५ साली बोनसचा कायदा आला. वीस किंवा जास्त माणसं जिथं काम करतात, तिथं ठरावीक पगारापर्यंतच्या कामगारांना बोनस द्यायलाच हवा, असं त्यात आलं. सुरुवातीला तो किमान चार टक्के होता, पुढे ८.३३ टक्के झाला.

हा ८.३३ आकडा ऐकायला विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे. वर्षभराच्या पगाराचे बारा भाग केले तर एक भाग तेवढा येतो. म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. बारा महिने राबायचं आणि तेरावा पगार घ्यायचा.

पण यात एक मोठी फट राहिली. वीस माणसं एका ठिकाणी असतील तर हा कायदा. जी बाई एकटी चार घरची धुणीभांडी करते, तिचं काय? तिला मिळायची दिवाळीची पोस्त. कुठं शंभराची नोट, कुठं वापरलेली साडी, कुठं उरलेला चिवडा. दोन दिवस खाडा झाला तर ती पोस्तही कापायची. १९८० साली पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी अचानक संप पुकारला. पगार वाढवा, आजारपणात रजा द्या, अशा मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. दिवाळीला एक पूर्ण पगार द्या, ही मागणी घरकामगारांच्या संघटना तेव्हापासून लावून धरत आल्या आहेत. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यानं सगळं मिळालं असं नाही, पण जिला मोलकरीण म्हणत ती कागदावर कामगार झाली.

आता आपल्या अंगणातली गोष्ट. ऐकणाऱ्यांत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस नक्की असतील. २ ऑक्टोबर १९७५ पासून ही योजना देशात चालू आहे. लेकरांची वजनं, आहार, गरोदर बायांच्या भेटी, रजिस्टरं, सगळं यांच्या माथी. पण मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आणि दिवाळीला जे मिळतं त्याचं नाव भाऊबीज भेट. नाव किती गोड! पण भाऊबीज भाऊ आपल्या मर्जीनं घालतो. ओवाळणीच्या ताटात किती पडलं, हे बहीण मोजत नाही आणि कमी पडलं तर भांडतही नाही. म्हणून नावाकडे नीट बघावं लागतं, बायांनो. मानधन म्हटलं की मान, भेट म्हटलं की प्रेम, पण हक्क हा शब्द दोन्हींत कुठंच येत नाही.

तरी इथंही पाऊल पुढं पडलंय. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांनाही १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी लागू आहे. गंमत बघा. इंग्रजीत ग्रॅच्युइटी या शब्दाचा एक अर्थ टीप असाही आहे. परदेशात हॉटेलच्या बिलावर आजही तो त्याच अर्थानं छापतात. तोच शब्द आपल्याकडे कायद्यात बसला आणि नोकरीअखेर हक्कानं मागायची रक्कम झाला. शब्द आपोआप बदलला नाही. तो कागदावर आणायला माणसांना एकत्र यावं लागलं.

मग टीप देऊच नये का? देऊया की! कुणी मनापासून काम केलं, आपल्या मनाला बरं वाटलं, तर जरूर द्यावं. पण खुशी ही भाजीवरची कोथिंबीर आहे. भाजीच नसेल तर नुसत्या कोथिंबिरीवर पोट भरत नाही.

शेवटी आमच्या गटाची गोष्ट. आम्ही पापड-मसाल्याचं काम करतो. हाताखाली तीन बाया येतात. दिवाळीला आम्ही जमेल तसं द्यायचो. एका वर्षी साडी दिली, पुढच्या वर्षी विसरलो. त्यातली एक सणाच्या तोंडावर हळूच म्हणाली, “यंदा काय देणार ते आधी सांगाल का? म्हणजे लेकराच्या कपड्यांची उधारी करू की नको ते कळेल.” आम्ही सगळ्या खाली मान घालून बसलो. मीसुद्धा. त्या ठेकेदाराला नावं ठेवणारी मी, इथं काय वेगळी होते?

त्या बैठकीत ठराव लिहिला. वर्षभरात बाईला जेवढी मजुरी दिली, तिचा बारावा हिस्सा दिवाळीच्या आधी द्यायचा. चोवीस हजार दिले असतील तर दोन हजार. सही करून, वहीत नोंदवून. साडी कुणाला द्यावीशी वाटली तर ती वेगळी. तुमच्या गटातही कुणी कामाला येत असेल, तर पुढच्या बैठकीत वही उघडून हा हिशेब जरूर करून बघा.

आणि दवाखान्यात लेक जन्माला आली तर पेढे पूर्ण वाटा. आयाबाईंच्या हातावरही ठेवा. पण त्यांना त्यांचा पगार वेळेवर मिळतो का, हे ग्रामसभेत विचारायला विसरू नका.