चौथे दान : उद्योगनगरीतील उघड्या दारांचा इतिहास

आपल्या ट्रस्टचा सुवर्णमहोत्सव हा आपणा सर्वांच्या दृष्टीने धन्यतेचा क्षण आहे. गेल्या पन्नास वर्षांत समाजातील ज्येष्ठांनी आहारदान, औषधदान आणि ज्ञानदान यांची परंपरा निष्ठेने सांभाळली. चौथे दान अभयदान. त्याचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे पांजरपोळ उभी राहते आणि ते योग्यच आहे. कसायाच्या दारातून सोडविलेल्या मुक्या जीवाइतका भयभीत जीव दुसरा कोणता?

तथापि भय मनुष्यालाही असते. ज्याला पाहताच दुकानदार गल्ला सावरतो, चोरी कोठेही झाली तरी ज्याच्या वस्तीत प्रथम पोलिसांची गाडी येते, त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालत असेल? अशा मुलांसाठी आपल्या परिसरात आणि आपल्या महाराष्ट्रात कोणी दार उघडले, एक पैसाही न घेता कोणी त्यांना आपले म्हटले, याचा संक्षिप्त इतिहास या शुभप्रसंगी वाचकांपुढे ठेवीत आहे.

उद्योगनगरी आणि तिच्या कडेची पाले

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. बजाज, टेल्को यांच्यासारखे मोठे कारखाने आणि त्यांच्या आधाराने शेकडो लघुउद्योग उभे राहिले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही गावे मिळून १९७० साली नवनगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकणही वाहनउद्योगाचे केंद्र बनले. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला.

या भरभराटीत आपल्या समाजाचा वाटा आहे, तसाच या भरभराटीचा आपल्यावर उपकारही आहे. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे सांगावे लागत नाही. पगाराचा आठवडा आला, दिवाळीचा बोनस झाला, की दुकानात पाय ठेवायला जागा उरत नसे. कामगाराच्या घामाचा पैसा फिरून आपल्या गल्ल्यात येत होता. ज्याच्या हाती आय. टी. आय. चे प्रमाणपत्र होते, त्याला कारखान्याचे फाटक उघडले. ज्याच्यापाशी ना जमीन, ना दाखला, ना कायमचा पत्ता, त्याचे पाल मात्र मोकळ्या मैदानाच्या कडेला तसेच राहिले. त्या पालांत जन्मलेली पिढी याच नगरात वाढली. कारखान्याचा भोंगा तिने रोज ऐकला, पण आतील यंत्र पाहण्याचा योग तिला क्वचितच आला.

जन्मतः बसलेला शिक्का

यांपैकी अनेकांच्या कपाळी एक शिक्का पूर्वीच मारलेला होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी व्यक्ती नव्हे, तर संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार त्याने सरकारास मिळाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नाव नोंदवावे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्याशिवाय हद्द ओलांडू नये, असा तो बंदोबस्त होता. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभारून तेथील माणसांना गिरण्यांत कामास जुंपण्यात आले. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. वाट चुकण्याची भीती असलेल्या मुलांसाठी सरकारला सुचलेली ही व्यवस्था! तीत भिंत होती, पहारा होता; विश्वास तेवढा नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणविल्या जाऊ लागल्या. कागदावरचा शिक्का पुसला गेला, तरी लोकांच्या मनातील राहिला. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाची नजर पुन्हा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. फासेपारध्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. फासा लावून तितर, लाव्हे, ससे धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आली. अहिंसाधर्माचे उपासक म्हणून आपल्याला या बंदीचा आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाखरांना अभय मिळाले त्याच दिवशी एका समाजाची चूल विझली, हेही आपण ध्यानी घेतले पाहिजे. हिंसेचा धंदा सुटला, तर अहिंसेचा धंदा हाती देण्याची जबाबदारी कोणाची?

चिंचवडचे गुरुकुल

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या चिंचवडगावातच मिळते. चिंचवड ही मोरया गोसावींची पुण्यभूमी, तशीच चापेकर बंधूंचीही. १८९७ साली रँडचा वध करून दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे तरुण बंधू फासावर गेले. त्यांच्या स्मृत्यर्थ स्थापन झालेल्या क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने २००६ साली पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू केले. यामागे श्री. गिरीश प्रभुणे यांची तपश्चर्या आहे. पारध्यांच्या पालांवर वर्षानुवर्षे वावरून, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी करण्यात पुढाकार घेऊन ते चिंचवडच्या कार्याकडे वळले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

गुरुकुलात भटक्या-विमुक्त जमातींची मुले-मुली राहतात व शिकतात. पुस्तकी अभ्यासाच्या जोडीला हाताचे कौशल्य हा तेथील शिक्षणाचा गाभा आहे. मूर्तिकाम, धातुकाम, शेती, गोपालन अशा विद्यांना तेथे मान आहे. ओतारी, लोहार, वैदू यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या जे ज्ञान होते, ते मागासलेपण नसून भांडवल आहे, ही त्यामागील दृष्टी. व्यापाऱ्याला ही गोष्ट चटकन पटावी. घरात माल असताना माणूस स्वतःस कंगाल समजत असेल, तर त्याला उसने देण्यापूर्वी त्याचा माल त्याला दाखवावा लागतो.

आपल्या घरचे दीप

या कार्यात जैन समाज मागे नव्हता, हे अभिमानाने नमूद केले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला आणि विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह चालविले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. बोर्डिंगची कल्पना आपल्या घरातली. कर्मवीरांनी तिचे दार गावाकडे उघडले.

अगदी अलीकडचे उदाहरण भारतीय जैन संघटनेचे. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार संघटनेने उचलला. वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्पात पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आली, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही आली. ती मुले जैन नव्हती. त्यांना आसरा हवा होता, एवढी एकच पात्रता पुरेशी ठरली.

घर असूनही वाट न सापडलेल्या तरुणांसाठी आता निराळ्या प्रकारची केंद्रेही निघाली आहेत. पुण्यात औंध येथे २०१६ साली महापालिकेच्या सहकार्याने 'लाईटहाऊस' सुरू झाले आणि पिंपरी-चिंचवडमध्येही महापालिकेच्या साथीने अशी केंद्रे उघडली. वस्तीतील युवक-युवतीला प्रथम आत्मविश्वास, मग समुपदेशन, मग कौशल्य आणि अखेरीस नोकरी, असा तेथील क्रम. आत्मविश्वास अगोदर आणि शिलाईयंत्र किंवा संगणक नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

जुनी बाकी

या साऱ्या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. दिवाळीत आपण नवी वही घालतो, पण जुनी बाकी पुढे ओढतोच. व्यापारात ते योग्यच आहे. माणसाच्या बाबतीत मात्र ही पद्धत घातक ठरते. १८७१ च्या कायद्याने आजोबांची बाकी नातवाच्या खाती ओढली. वर वर्णिलेल्या प्रत्येक घराने ती ओढण्याचे नाकारले, आणि तेच त्यांच्या यशाचे गमक आहे. भोजन, निवास, शिक्षण विनामूल्य असणे मोठेच आहे. पण प्रवेश करताना भूतकाळाचे मूल्य मोजावे न लागणे हे त्याहून मोठे. आजचा बालन्याय कायदा (२०१५) हेच तत्त्व मानतो. चुकलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास तो मनाई करतो आणि, काही गंभीर प्रकरणे वगळता, दोषसिद्धीची नोंद यथाकाल नष्ट करण्याची तरतूद करतो.

कायद्याने आता शिकविलेले आपल्या आचार्यांनी पूर्वीच सांगितले होते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगे आहेत. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न मांडणे हे उपगूहन, आणि मार्गावरून ढळणाऱ्याला हात देऊन पुन्हा उभे करणे हे स्थितीकरण. श्वेतांबर परंपरेतील प्रभवस्वामींचे चरित्र आठवावे. राजपुत्र असूनही राज्य धाकट्या भावाला मिळाले, म्हणून प्रभव चोरांचा म्होरक्या झाला. जंबूकुमारांच्या विवाहाच्या रात्री पाचशे साथीदारांसह तो त्यांच्या घरी चोरीस आला, तेथील वैराग्याचा संवाद त्याने ऐकला आणि जंबूकुमारांसमवेत दीक्षा घेतली. पुढे जंबूस्वामींनंतर संघाची धुरा त्याच्याच खांद्यावर आली. दिगंबर परंपरेतही विद्युच्चोराची व अंजनचोराची कथा आबालवृद्धांना ठाऊक आहे. ज्या धर्माने कालच्या चोराला उद्याचा आचार्य मानले, त्या धर्माच्या अनुयायांनी सतरा वर्षांच्या मुलाला आयुष्यभर संशयित मानावे काय?

आपली मुलेही याच रस्त्यांवर वाढत आहेत. व्यसन, भरधाव वाहने, वाईट संगत यांना जात-धर्म नसतो. म्हणून ही केवळ परक्यांवरील करुणा नव्हे. ट्रस्टचे सभागृह व वाचनकक्ष सायंकाळच्या दोन तासांसाठी परिसरातील सर्व तरुणांना विनामूल्य खुले व्हावेत, आणि आपल्यातील हिशेबनीस, वकील, डॉक्टर, कारखानदार यांनी आठवड्यातून एक दिवस तेथे बसावे, अशी नम्र सूचना विश्वस्त मंडळापुढे ठेवतो. कोणी हिशेब लिहायला शिकवील, कोणी कापड मापायला, कोणी अर्ज भरायला. नोंदवहीत नाव लिहून घ्यावे. वस्ती आणि पूर्वायुष्य विचारू नये.

पन्नास वर्षांत तीन दाने आपण दिली. येत्या पन्नास वर्षांत चौथ्याचा आरंभ व्हावा, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.