भिंती मोजाव्यात की माणसे?

वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबईला जाई, तेव्हाची ही गोष्ट. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मुंबईत ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते काढले. गिरणीकामगारांना घरे द्यायची, तर पैसा हवा. म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसला. तेव्हा आपल्या मानोऱ्याकडच्या शेतकऱ्याचाही त्या घरांशी थोडा संबंध पोचतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

घरांचा प्रश्न त्याआधीचाच होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ मध्ये ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. शहर देखणे झाले खरे. पण पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी. मग पाडलेल्या घरांतली माणसे गेली कुठे? शेजारच्याच वस्तीत, आणखी दाटीवाटीने! म्हणजे रोग हटला नाही, त्याने फक्त बिऱ्हाड बदलले.

लॉइडसाहेबांचा संकल्प ५० हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे मिळून २०७ चाळी उठल्या. दर चाळीत ८० खोल्या. एकूण सुमारे १६ हजार. खोली १६० चौरस फुटांची. बरे, निदान त्या तरी भरल्या का? नाही. मजुराच्या कमाईच्या मानाने भाडे जड. वरळीला तर बाजार लांब आणि दिवाबत्तीचीही वाण. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींत सरकारने सत्याग्रही कैदी ठेवले. कामगारांसाठी बांधलेल्या घराचा तुरुंग झाला!

मात्र एवढ्यावरच निकाल देणे घाईचे होईल. याच चाळी नंतर गजबजल्या, त्यांत पिढ्या वाढल्या. आता त्यांचा पुनर्विकास चालू असून २०२५ मध्ये वरळीत ५०० चौरस फुटांच्या पहिल्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना मिळाल्या. वस्तीचा हिशेब एका अंदाजपत्रकात संपत नाही, तो असा.

आता घराकडे वळू. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांसाठी वसंतराव नाईकांच्या नावाची तांडा-वस्ती सुधार योजना आहे. तीतून रस्ता, पाणी, वीज, समाजमंदिर अशी कामे होतात. ती हवीतच. पण काम पुरे झाल्याचा दाखला म्हणजे सुधारणा नव्हे. कामाआधी कोण राहत होते, त्यांतले किती आज तिथेच आहेत, नळाला उन्हाळ्यात पाणी येते का, दिवाळीनंतर किती घरांना कुलपे लागतात, हे विचारायला हवे. विचारायची जागाही आहे: ग्रामसभा. वरळीच्या मजुराला हे आधी कोणी विचारले असते, तर त्या गाठीमागच्या रुपयाचे चीज लवकर झाले असते.