ठासणीची बंदूक : शिकारीतील गोळीचे वजन व ऊर्जा

नळीच्या तोंडातून प्रथम दारू व मग गोळी घालून ती गजाने ठासावयाची आणि नंतर बार काढावयाचा, अशा बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. दारू पेटविण्याच्या पद्धतीवरून तोड्याची, चकमकीची व टोपीची असे तिचे प्रमुख प्रकार पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शिकारीची बहुतेक अग्निशस्त्रे याच जातीची होती. एकदा बार काढल्यावर ही बंदूक पुन्हा भरण्यास अर्धा मिनिट वा त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत जखमी जनावर रानात निसटून यातना भोगत मरे किंवा उलटून शिकाऱ्याच्या अंगावर येई. त्यामुळे पहिल्याच गोळीने जनावर पडावे, यासाठी गोळी किती वजनाची असावी व तिच्या अंगी किती ऊर्जा असावी, हा प्रश्न या बंदुकीच्या इतिहासात सतत पुढे येत राहिला.

वजन, वेग व ऊर्जा : गतिमान गोळीची गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या समप्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. वेग दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट होते. वजन दुप्पट केल्यास ती केवळ दुप्पट होते. यावरून वेग वाढविणे हाच फायद्याचा मार्ग वाटतो. परंतु गंधक, सोरा व कोळसा यांच्या काळ्या दारूला मर्यादा आहे. दारूचे माप वाढवीत गेल्यास काही प्रमाणानंतर वेगात अल्पच भर पडते, मात्र धूर, नळीत साचणारी काजळी व खांद्यास बसणारा धक्का वाढतो. ठासणीच्या शिकारी बंदुकीचा मुखवेग, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला गोळीचा वेग, साधारणतः ३०० ते ६०० मी./से. यांच्या दरम्यान राहिला. त्यामुळे मोठ्या जनावरासाठी ऊर्जा वाढविण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे गोळीचे वजन वाढविणे हाच होता.

गोल गोळीच्या बाबतीत वजन व्यासाशी बांधलेले असते. व्यास दुप्पट केल्यास वजन आठपट होते. १० मिमी. व्यासाची शिशाची गोळी सुमारे ६ ग्रॅ., तर २० मिमी. व्यासाची सुमारे ४७.५ ग्रॅ. भरते. नळीचा व्यास सांगण्याची जुनी इंग्रजी पद्धतही वजनावरच बेतलेली होती. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्यास त्यांतील एक गोळी ज्या नळीत बसते, ती बारा बोअरची नळी. तिच्या गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅ. असते. चार बोअरची गोळी सुमारे ११३ ग्रॅ. वजनाची असते. अर्थात बोअरचा आकडा जितका लहान, तितकी गोळी जड.

मोजमापाचा आरंभ : गोळीचा वेग प्रत्यक्ष मोजण्याची विश्वसनीय रीत इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स (१७०७–५१) यांनी १७४२ साली प्रसिद्ध केली. टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून लंबक किती मागे जातो यावरून त्यांनी गोळीचा संवेग व त्यावरून वेग काढला. बंदुकीच्या गोळीचा वेग त्यांना सुमारे ५०० मी./से. आढळला. लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवल्यावर त्यांस दिसून आले की, हवेचा रोध पूर्वीच्या समजुतीपेक्षा फार मोठा आहे. वेगवान गोळीवर तो तिच्या वजनाच्या शंभरपटींच्या घरात जातो. लेनर्ड ऑयलर यांनी १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे अभियंता म्हणून हिंदुस्थानात आले व १७५१ मध्ये कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात निधन पावले.

नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा व जनावरापर्यंत पोहोचणारी ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा रॉबिन्स यांच्या प्रयोगांचा शिकारीच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष होय. १२.७ मिमी. व्यासाची, १२ ग्रॅ. वजनाची गोल गोळी ५५० मी./से. वेगाने सुटल्यास तिची ऊर्जा सुमारे १,८०० ज्यूल असते. ९० मी. अंतरावर तिचा वेग ३३५ मी./से. च्या आसपास उतरतो व ऊर्जा सुमारे ६७० ज्यूल, म्हणजे मूळच्या दोन-पंचमांशांहूनही कमी उरते. त्याच नळीतून २४ ग्रॅ. वजनाची लांबट गोळी ४३० मी./से. वेगाने झाडल्यास आरंभीची ऊर्जा सुमारे २,२०० ज्यूल असून ९० मी. वर तिच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश शिल्लक राहते. समोरील क्षेत्रफळाच्या मानाने वजन अधिक असलेली गोळी आपला वेग अधिक टिकविते, हे याचे कारण होय.

उत्तर अमेरिका : पेनसिल्व्हेनियातील जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची, सर्पिल खाचांची रायफल विकसित केली. तिच्या नळीचा व्यास लहान असे. तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली गोळी तीत घट्ट बसे व नेम अचूक लागे. पूर्वेकडील अरण्यांतील हरणांसाठी ती पुरेशी होती. शिवाय लहान गोळीमुळे शिसे व दारू यांची बचत होई.

पश्चिमेकडील मोठ्या जनावरांपुढे मात्र हा हिशेब चुकला. ल्यूइस व क्लार्क यांच्या मोहिमेतील लोकांनी मे १८०५ मध्ये हल्लीच्या मॉंटॅना राज्यात एका ग्रिझली अस्वलावर गोळ्या झाडल्या. मोहिमेच्या नोंदींनुसार त्यास दहा गोळ्या लागल्या व त्यांपैकी पाच फुप्फुसांतून गेल्या होत्या. तरीही ते नदीच्या अर्ध्याहून अधिक पात्रापर्यंत पोहून गेले आणि मरण्यास त्याला किमान वीस मिनिटे लागली. अशा अनुभवांनंतर पश्चिमेकडे जाणारे शिकारी जड गोळीची मागणी करू लागले. सेंट लूइस येथील जेकब व सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या आखूड, जाड नळीच्या रायफली त्यामुळे नावारूपास आल्या. त्यांचा व्यास बहुधा १२.७ ते १३.७ मिमी. असून गोळी १२ ते १५ ग्रॅ. वजनाची असे.

लांबट गोळीचा उदय : व्यास न वाढविता वजन वाढवावयाचे, तर गोळी लांब करावी लागते. परंतु लांबट गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी तिला वेगाने फिरविणे आवश्यक असते आणि खाचांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासणे कठीण जाते. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी १८२३ च्या सुमारास पोकळ बुडाची लांबट गोळी सुचविली. दक्षिण हिंदुस्थानातील फुंकनळीच्या बाणाचे मऊ बूड फुंकर मारताच फुगून नळीत घट्ट बसते, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. फ्रेंच अधिकारी क्लोद एत्येन मिन्ये यांनी १८४९ मध्ये या तत्त्वास व्यवहार्य रूप दिले. ब्रिटिशांच्या १८५३ च्या एन्फील्ड रायफलीची गोळी याच जातीची, सुमारे ३४ ग्रॅ. वजनाची होती, तिच्या १४.७ मिमी. व्यासाच्या नळीत मावणारी गोल गोळी १९ ग्रॅ. हून कमी भरते. हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा असंतोष भडकला, हे सर्वश्रुत आहे.

हिंदुस्थान व श्रीलंका : शिकारीसाठी मात्र लांबट गोळी सर्वांनी स्वीकारली नाही व त्यावरून तीव्र मतभेद झाले. सॅम्युएल बेकर (१८२१–९३) यांनी श्रीलंकेत हत्ती व रानरेडे यांच्या शिकारीसाठी ब्रिस्टल येथील गिब्स यांजकडून सुमारे ९.५ किग्रॅ. वजनाची दोन खाचांची रायफल करवून घेतली होती. तीत ८५ ग्रॅ. वजनाची पट्टेदार गोल गोळी किंवा ११३ ग्रॅ. वजनाची शंक्वाकार गोळी व २८ ग्रॅ. दारू भरीत. तिची हकीकत त्यांनी १८५४ सालच्या आपल्या ग्रंथात दिली आहे. जड गोळी व तिला साजेशी भरपूर दारू, हे बेकर यांचे सूत्र होते.

सिंधमध्ये जनरल जॉन जेकब (१८१२–५८) यांनी वेगळा मार्ग चोखाळला. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात मोडत असे. त्यांनी चार खाचांची दुनळी रायफल व टोकाशी स्फोटक द्रव्य भरलेली लांबट गोळी तयार केली. गोळीच्या गतिज ऊर्जेत स्फोटाच्या रासायनिक ऊर्जेची भर घालण्याचा हा प्रयत्न होता. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने ४०० ग्रॅ. हून कमी वजनाची स्फोटक अस्त्रे युद्धात निषिद्ध ठरविली. शिकारीस मात्र हा निर्बंध लागू नव्हता.

या वादाची सर्वांत पद्धतशीर मांडणी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ (१८३८–७१) यांनी केली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात ते अधिकारी होते व सातपुड्याच्या रानांत त्यांनी पुष्कळ भ्रमंती केली होती. रायफल व तिच्या गोळ्या यांवरील त्यांचा ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद असा : दाट रानात जनावर बहुधा शे-दीडशे मीटरांच्या आतच दिसते व अंतर मोजण्यास सवड नसते. तेथे दूरवर वेग टिकविणाऱ्या गोळीपेक्षा सरळ जाणारी गोळी उपयोगी. जड लांबट गोळी मंद सुटते, तिचा मार्ग वक्र असतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी जनावर केवळ जखमी होते. उलट मोठ्या व्यासाची गोल गोळी भरपूर दारूने झाडल्यास ती वेगाने व सरळ जाते आणि जखमही रुंद करते. मात्र नेहमीच्या तीव्र पिळाच्या खाचांत अशी वेगवान गोळी पीळ न घेता घसरत जाते. म्हणून त्यांनी सुमारे २.६ मी. लांबीत एकच फेरा पडेल, इतका मंद पीळ सुचविला. अशा चौदा बोअरच्या गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅ. असते. नुसत्या ऊर्जेच्या आकड्यापेक्षा ती कोणत्या अंतरावर, कोणत्या जनावरावर व किती रुंद जखमेच्या रूपाने खर्ची पडते हे पाहावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. याच्या विरुद्ध टोकाचा प्रयोग लंडन येथील जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये केला होता. हलकी गोळी व दारूचे मोठे प्रमाण यांमुळे अतिवेगवान ठरलेल्या त्यांच्या रायफलीस जलद आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ हे नाव पडले.

धक्क्याची मर्यादा : गोळीचे वजन किती वाढवावे, यास शिकाऱ्याच्या शरीराने सीमा घातली. चार बोअरची ११३ ग्रॅ. वजनाची गोळी ४०० मी./से. वेगाने सुटल्यास ऊर्जा सुमारे ९,००० ज्यूल, म्हणजे वर दिलेल्या १२ ग्रॅ. गोळीच्या पाचपट होते; परंतु धक्क्यास कारणीभूत होणारा संवेग जवळजवळ सातपट होतो. बेकर यांची रायफल जड असल्याने तो काहीसा सुसह्य होई. १८७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या फ्रेडरिक सेलूस यांनी हत्तींच्या शिकारीसाठी चार बोअरच्या, पण केवळ ५.७ किग्रॅ. च्या आसपास वजनाच्या ठासणीच्या बंदुका वापरल्या. त्यांच्या धक्क्यांनी आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला व पुढे नेमही बिघडला, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

जड गोळीचे मोल वन्य प्राण्यांनीही दिले. दक्षिण आफ्रिकेतील निळे हरिण १८०० च्या सुमारास नष्ट झाले व क्वागाचा शेवटचा ज्ञात प्राणी १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे मरण पावला. मागून भरावयाच्या काडतुसी बंदुका सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच या प्राण्यांचे कळप विरळ झाले होते. बंदूक मंद होती म्हणून संहारही मंद होता, असे म्हणता येत नाही.

पुनरुज्जीवन व नियम : काडतुसी रायफल व धूरविरहित दारू यांच्या प्रसारानंतर ठासणीची बंदूक मागे पडली. अमेरिकेत १९३३ मध्ये तिच्या हौशी नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये हरणांच्या शिकारीसाठी चकमकीच्या बंदुकांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. इतर राज्यांतही ठासणीच्या बंदुकांचे असे हंगाम आहेत. १९८५ मध्ये नळीच्या सरळ रेषेत मागे टोपी बसविलेली आधुनिक रायफल बाजारात आली. प्लॅस्टिकच्या वेष्टनातील १६ ग्रॅ. गोळी तिच्यातून सुमारे ६०० मी./से. वेगाने झाडता येते व ऊर्जा २,९०० ज्यूलच्या घरात जाते.

हरणासाठी लक्ष्यावर किमान १,००० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १,३५६ ज्यूल ऊर्जा हवी, असा एक ठोकताळा काडतुसी रायफलींच्या काळात रूढ झाला. १२.७ मिमी. ची गोल गोळी ९० मी. वर याच्या निम्मीच ऊर्जा देते, तरी योग्य जागी लागल्यास ती हरणास खात्रीने मारते. मऊ शिशाची ही गोळी मुळातच रुंद असते व लागताच अधिक पसरते, त्यामुळे तिचे काम वेगावर फारसे अवलंबून नसते. कोलोरॅडो राज्याच्या नियमांतही ऊर्जेऐवजी व्यास व वजन यांच्या मर्यादा आहेत : हरणासाठी किमान १०.२ मिमी. व वापितीसाठी किमान १२.७ मिमी. व्यास, १२.७ मिमी. पर्यंतच्या नळीत गोळी किमान ११ ग्रॅ. व त्यापुढील नळीत किमान १३.६ ग्रॅ. वजनाची असावी लागते.

शिशाच्या विषारीपणामुळे या प्रश्नास नवे वळण मिळाले आहे. शिकारीच्या अवशेषांतील शिसे खाऊन गिधाडे मरतात, हे दिसून आल्यावर कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. तांब्याची घनता शिशाहून सुमारे एक-पंचमांशाने कमी असल्याने त्याच व्यासाची तांब्याची गोल गोळी तितकीच हलकी भरते व लवकर वेग गमावते.

भारतात १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार हा छंद म्हणून उरलेला नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना दिलेल्या ठासणीच्या बंदुका आढळतात. परंतु पिकांची नासाडी करणारे जनावर मारण्यासही कायद्याची चौकट पाळावी लागते. या बंदुकीच्या इतिहासावरून दिसून येते, की ऊर्जेचा आकडा गोळीचे सामर्थ्य सांगतो, पण तिचा परिणाम सांगत नाही. तो गोळीचे वजन, तिचा आकार, जनावरापर्यंतचे अंतर व अखेरीस नेम धरणाऱ्याचा संयम यांवर अवलंबून असतो. अंतर अधिक असता बार न काढणे, हाही या विद्येचाच एक भाग होय.