घडी आणि काप

आज बोलायला येताना पिशवीत दोन डबे घालून आणले आहेत. रेडिओवर ते तुम्हाला दिसणार नाहीत, म्हणून आधी ते कसे आहेत ते सांगतो. पहिला वीतभर लांबीचा, गवती पुठ्ठ्याचा, वरून अबरी डकवलेला. अबरी म्हणजे जुन्या खतावण्यांच्या पुठ्ठ्यावर असायचा तो ढगाळ रंगांचा कागद. हा डबा माझ्या अम्मीनं केलेला आहे, १९७८-७९च्या सुमाराला. दुसरा डबा मिठाईचा, अर्ध्या किलोचा, कालच घेतलेला. मिठाई घरी ठेवून रिकामा डबा तेवढा घेऊन आलो आहे.

या दुसऱ्या डब्याच्या खाचा सोडवल्या, की तो टेबलावर सपाट पडतो. सबंध डबा म्हणजे पुठ्ठ्याचा एकच तुकडा. त्याला खळ नाही, शिवण नाही. अम्मीचा डबा असा उलगडत नाही. तो उलगडायचा म्हणजे फाडायलाच हवा. हा फरक नेमका कधी पडला, आणि आमच्या घरापर्यंत तो कसा आला, ते मला आज सांगायचं आहे.

आम्ही कोल्हापूरचे. घर दोन खोल्यांचं. गुजरीतल्या सराफांना दागिन्यांचे डबे लागत, ते गल्लीतल्या चार-पाच घरांत बायका करून देत. अम्मी त्यांतली एक. पुठ्ठा यायचा पिवळसर, खरबरीत. त्यावर लोखंडी पट्टी ठेवायची आणि चाकू ओढायचा. बाहेरच्या रेघेवर पुठ्ठा आरपार कापायचा. आतल्या चार रेघांवर मात्र चाकू अर्ध्यातच थांबला पाहिजे. अर्ध्यापेक्षा कमी गेला तर पुठ्ठा वळताना तडकतो, जास्त गेला तर तुटून हातात येतो. याला आमच्यात ‘अर्धा काप’ म्हणत. मग कोपरे उभे करायचे, त्यांवर कागदाच्या पट्ट्या खळीनं डकवायच्या, वर अबरी, आत मखमली कागद. खळ मैद्याची, तिला किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आम्ही मुलं त्या पातेल्याला हात लावत नसू, कारण मोरचूद विषारी असतं हे आम्हाला दिवसातून चारदा ऐकवलं जायचं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात डबे वाळत नसत. शेगडीभोवती मांडलेल्या डब्यांतून वाट काढत आम्ही जेवायला बसायचो. ग्रोसवर पैसे मिळत. ग्रोस म्हणजे १४४ डबे. त्यांतला एक जरी वाकडा निघाला तरी त्याच्याबरोबर शेजारचे दोन परत यायचे.

जगात दुसरीकडेही हे काम असंच चालायचं आणि बहुधा बायकाच करायच्या. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या जॅफ्री गावी हॅना डेव्हिस नावाची बाई होती, १७८४ ची. एकटी राहणारी, पोटासाठी डबे करणारी. स्प्रूसच्या लाकडाचे पातळ पापुद्रे काढायला तिनं पायानं चालणारं यंत्र स्वतःच तयार केलं होतं. त्या पापुद्र्यांचे लंबगोल डबे ती करी, बाहेरून भिंतीला लावायचा नक्षीचा कागद आणि आतून वर्तमानपत्र डकवी, आणि गाडीत रचून कापडगिरण्यांच्या गावी विकायला नेई. गिरणीत काम करणाऱ्या पोरी ते टोप्या आणि किडूकमिडूक ठेवायला घेत. १८६३ मध्ये ती वारली. तिचे डबे आज संग्रहालयांत आहेत. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये रिचर्ड कॅडबरीनं चॉकलेटं शोभिवंत डब्यात घालून विकायला काढली आणि डब्यावरची चित्रं स्वतः रंगवली. चॉकलेटं संपल्यावर लोक त्यांत पत्रं ठेवत. डबा करायला वेळ लागायचा, म्हणून तो भेटीच्या वस्तूलाच मिळायचा. साबण, बिस्किटं, चहा यांच्या नशिबी पुडी, पिंप किंवा पेटी.

आता १८७९ मधल्या न्यूयॉर्कला जाऊ. रॉबर्ट गेअर हा स्कॉटलंडात, एडिंबरात जन्मलेला माणूस. चौदाव्या वर्षी अमेरिकेत आला, तिथल्या यादवी युद्धात लढला आणि मग कागदी पिशव्यांच्या धंद्यात पडला. त्याच्या कारखान्यात बियाण्यांच्या पिशव्या छापल्या जात होत्या. पिशवीला घडी पाडण्यासाठी यंत्रात धातूची एक बोथट पट्टी बसवलेली असे. ही पट्टी एके दिवशी जागेवरून सरकून किंचित वर आली, आणि घडी पडायच्या ठिकाणी पिशव्या कापल्या गेल्या. मालाचा सत्यानाश झाला. कामगारानं शिव्या खाल्ल्या असतील, ही गोष्ट सांगताना त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. गेअरच्या डोक्यात वेगळंच आलं. एक पट्टी उंच असली तर कापते आणि बसकी असली तर घडी पाडते. मग दोन्ही एकाच फळीवर बसवल्या तर? एका दाबात डबा कापलाही जाईल आणि त्याच्या घड्याही पडतील.

गेअरनं ३० डॉलरला एक जुनं छपाईयंत्र घेतलं आणि छपाईच्या खिळ्यांच्या जागी त्यात अशा पट्ट्या बसवल्या. नोंदी सांगतात, की त्यावर तासाला ७५० तक्ते निघत आणि एका तक्त्यात दहा डबे बसत. तासाला साडेसात हजार. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याला १४४ नं भागून पाहिलं. बावन्न ग्रोस होतात. आमची सबंध गल्ली महिनाभर बसली असती.

आणि वेग ही यातली अर्धीच गोष्ट. हे डबे सपाट होते. हॅना डेव्हिसची गाडी निम्मी पोकळीच वाहून न्यायची; गेअरचे डबे गठ्ठ्यानं जात आणि दुकानात पोचल्यावर उभे राहत. १८८८ मध्ये त्यानं कारखाना नदीपलीकडे ब्रुकलिनला हलवला. त्याच्या इमारती तिथे इतक्या वाढल्या, की त्या भागाला लोक गेअरव्हिल म्हणू लागले. १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनी स्थापन झाली. पिंपातून सुटी विकली जाणारी बिस्किटं तिनं मेणकागदाचं अस्तर घातलेल्या घडीच्या खोक्यात भरली, आणि गेअरकडे वीस लाख खोक्यांची मागणी आली असं सांगतात. किराणा दुकानाचं रूप तिथून पालटलं. वाण्यानं तोलून दिलेल्या मालावर वाण्याचं नाव असतं, खोक्यातल्या मालावर कंपनीचं.

पुठ्ठा कापायच्या या साच्याला आपल्याकडेही ‘डाय’च म्हणतात आणि कामाला ‘पंचिंग’. ही डाय मुळात कातडी धंद्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बुटांचे तळवे एकसारखे कापण्यासाठी ती पुढे आली. गंमत म्हणजे चपलांसाठी नावाजलेल्या माझ्या गावात कातडं अजूनही रापीनं कापलेलं तुम्हाला दिसेल, आणि शेजारच्या बोळात चपलेचा खोका डायवर कापला जात असेल.

डाय करणाऱ्याच्या दुकानात मी कित्येक दुपारी बसलो आहे. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड. त्यावर डब्याचा आराखडा उतरवायचा, रेघेबरहुकूम करवतीनं बारीक खाच पाडायची आणि त्या खाचेत पोलादी पाती ठोकून बसवायची. वळणाच्या जागी पाती आधी वाकवून घ्यायची. आज ही खाच लेझरनं पाडून मिळते. पाती वाकवून ठोकायचं काम छोट्या दुकानांत अजून हातानंच होतं. कापायची पाती धारदार आणि ०.९३७ इंच उंच. घडीची पाती बोथट आणि तिच्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जाडीइतकी बसकी. पात्यांच्या बाजूला रबराचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे कापलेला तक्ता पात्यांत अडकून न राहता वर उसळतो. शिवाय धारेला कानशीनं एक-दोन ठिकाणी बारीक खाचा ठेवायच्या, म्हणजे डबा तक्त्यातून लगेच सुटून पडत नाही, तिथे धाग्याएवढा जोडलेला राहतो. तुमच्या घरातल्या कुठल्याही खोक्याच्या कडेवरून बोट फिरवा. मध्येच कुठेतरी बारीक कूस लागेल. ती ही.

या सगळ्या हिशेबात मला अम्मीचा अर्धा काप दिसतो. तिच्या मनगटात होतं ते इथे पात्यांच्या उंचीत आलं आहे.

आमच्या गल्लीत ते आलं १९८५ च्या आसपास. जवळच्या एका छापखान्यानं पंचिंग सुरू केलं. त्या छापखान्यावर माझा मामू मशीनमन होता. मिठाईवाले आधी गेले, मग हळूहळू सराफही. त्यांनी काही वाईट केलं असं मी म्हणणार नाही. पंचिंगचा डबा स्वस्त होता, सारखा होता आणि पावसात वाकत नव्हता. अम्मीनं पहिला गठ्ठा पाहिला तेव्हा ती म्हणाली, “आमचा डबा उभा जायचा, हा निजून जातोय. ओझं कुणाला हवंय?” दोन वर्षांत तिचं काम सुटलं. लोखंडी पट्टी कपाटाच्या पायाखाली गेली.

मामूचं यंत्र ट्रेडल होतं. कुराणातली पानं बंद-उघड होतात तसं ते उघडायचं आणि मिटायचं, हे मामूचंच वर्णन. ते उघडलं, की उजव्या हातानं कोरा तक्ता आत सारायचा, डाव्यानं कापलेला काढायचा, आणि मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. मजुरी नगावर, म्हणजे यंत्र थांबवलं की पैसे थांबले. १९८८ च्या दिवाळीआधी, रात्रपाळीला, तक्ता तिरका गेला म्हणून मामूनं तो सरळ करायला हात घातला. दोन बोटांची पेरं गेली. मालकानं दवाखान्याचा खर्च दिला आणि पुढच्या सहा महिन्यांच्या हिशेबातून वळता करून घेतला. मामू त्याच यंत्रावर परत उभा राहिला. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि बोटांवर एक कविता केली. ती मामूला वाचून दाखवायची हिंमत मला आजवर झालेली नाही.

१९९४ मध्ये माझा पहिला संग्रह निघाला तो त्याच छापखान्यात, खिळे जुळवून, आणि मामूच्याच ट्रेडलवर. छापखाना ऑफसेटकडे निघाला होता, त्यामुळे खिळ्यांनी छापलेलं ते तिथलं जवळजवळ शेवटचं पुस्तक असावं. पुढे खिळे किलोवर गेले. ट्रेडल मात्र राहिलं. कारण असं, की खिळ्याची उंची ०.९१८ इंच आणि कापायच्या पातीची ०.९३७. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. शाईचे रोलर काढायचे, दाबाच्या बाजूला पोलादी पत्रा लावायचा, चौकटीत खिळ्यांऐवजी डाय आवळायची, की झालं. गावोगावी जुनी छपाईयंत्रं अशीच तगली; जर्मन हायडेलबर्गसुद्धा. मुंबईत गिरगावच्या कांदेवाडीत लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथल्या जाळीदार गणपतीच्या, पालखीच्या, कमानीच्या पत्रिका बघताना माझी नजर आधी कडेवरच्या त्या कुशीकडे जाते. शब्द छापणारं यंत्र शब्द सोडून बाकी सगळं करायला लागलं, याचं कवी म्हणून मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही. निदान ते भंगारात तरी गेलं नाही.

पुढचा प्रकार मात्र मला अपेक्षित नव्हता. अमेरिकेत शाळेच्या फलकासाठी अक्षरं कातरून शिक्षक मंडळी वैतागत असत. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये एका कंपनीनं हातानं दाबायचं अक्षरं कापण्याचं यंत्र काढलं. त्याच घराण्यातून २००१ मध्ये ‘सिझिक्स’ हे टेबलावर मावणारं, दांडा फिरवायचं यंत्र आलं. दोन रूळ आणि त्यांच्यामधून सरकणारं डाय-कागदाचं सँडविच. आपल्याकडच्या रसवंतीतल्या चरकाचीच ही धाकटी बहीण. असली यंत्रं आता आपल्याकडेही मिळतात. एकानं माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरातला ओटा बळकावला आहे.

ती पुण्याला असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वाणाचे छोटे डबे, ईदीचे लिफाफे, बारशाच्या पेढ्यांच्या पेट्या असं सगळं करते. फुलं, चांद-तारे, जाळ्या डायवर कापते आणि डबा हातानं जुळवते. कागदावर छापलेलं असतं ‘हस्तनिर्मित’. यावर मी सुरुवातीला थोडं कुत्सित बोललो होतो. यंत्रानं कापलेलं हस्तनिर्मित कसं? ती म्हणाली, “अब्बा, तुमची कविता तरी तुम्ही कुठे हातानं छापली?” मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी अम्मी तिच्याकडे राहायला गेली होती. अम्मीचं वय आता ऐंशीच्या पुढे. एका लग्नासाठी सुक्या मेव्याच्या जड पेट्या हव्या होत्या, आणि त्या यंत्राच्या पत्र्यासारख्या पातळ डायना जाड पुठ्ठा कापवेना. दोनदा घातला, दांडा अडकला. अम्मी खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “पट्टी आण, चाकू आण.” हात थरथरतो तिचा, पण पट्टीवर टेकला की थरथरत नाही. पहिले दोन पुठ्ठे तुटले. तिसऱ्याला चाकू अर्ध्यात थांबला, आणि पुठ्ठा तडकल्याशिवाय काटकोनात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत तिनं अकरा केले. मुलगी शेजारी बसून शिकत होती. खळीऐवजी दोन बाजूंनी चिकटणारी टेप बघून अम्मीनं नाक मुरडलं, पण मोरचुदाची भीती नाही हे तिला पटलं.

रात्री जेवताना तिनं नातीला विचारलं, “ग्रोसला काय मिळतात गं?”

मुलगी म्हणाली, “ग्रोसला नाही दादीअम्मी, एका नगाला. दीडशे रुपये.”

अम्मीनं घास खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं, “एकाला?”