‘इंटरनॅशनल स्कूल’ मुळात कुणासाठी होतं?

(पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.)

प्रवेशाचे दिवस आले की धाराशिवच्या चौकाचौकात बोर्ड लागतात. पत्र्याच्या चार खोल्या असल्या तरी नावात ‘इंटरनॅशनल’ असतंच. कळंबला तेच, उमरग्याला तेच. पालकही त्या एका शब्दावर फी भरतात. ह्यात कुणाची टिंगल करायची नाही. लेकरानं आपल्यापेक्षा पुढं जावं असं कुणाला वाटत नाही? पण ह्या शब्दामागं एक जुनी गोष्ट आहे आणि ती इंग्रजीची नसून घर सोडून कामाला गेलेल्या आईबापांची आहे.

सुरुवात आपल्या नळदुर्गापासनं करू. १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं जो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यात वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आपला धाराशिवचा पट्टाही होता. त्याचा कारभार बघायला नळदुर्गात आला मेडोज टेलर. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा तोच. तुळजापूरच्या मुलीला नायिका करून त्यानं पुढं ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. हा माणूस पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि इथलाच होऊन गेला. पण त्याच्या मुली कुठं वाढल्या? तिकडं, विलायतेत. बाप नळदुर्गच्या किल्ल्यावर आणि लेकी सात समुद्रापलीकडं. ह्यातल्याच एका मुलीनं, अॅलिसनं, बापाच्या पश्चात त्याचं आत्मचरित्र १८७७ मध्ये छापून आणलं.

टेलर एकटा नव्हता. त्या काळात बहुतेक गोऱ्या घरांची रीतच तशी होती. मूल सहा-सात वर्षांचं झालं की बोटीवर बसवायचं. एक तर इथल्या तापाची, पटकीची भीती. दुसरं म्हणजे मुलाला उद्या ज्या देशात राहायचंय तिथली शाळा हवी. मग पाच-पाच, दहा-दहा वर्षं भेट नाही. पत्र यायलाच महिने लागत.

हे सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर मिशनऱ्यांनी. साहेब लोकांना पगार होता, रजा होती. मिशनऱ्याचं अख्खं आयुष्य इथंच जायचं. आपल्या शेजारच्या नगरचं उदाहरण घ्या. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ ला मुंबईत उतरली, १८३१ ला नगरला आली, पुढं सोलापूरपर्यंत पसरली. त्याच मिशनमधल्या ह्यूम घराण्यातला रॉबर्ट ह्यूम १८४७ ला मुंबईत जन्मला. सात वर्षांचा असताना आजारी बापाला घेऊन कुटुंब अमेरिकेला निघालं आणि बाप बोटीवरच वारला. पोरगा तिकडं शिकला, येल विद्यापीठातनं बाहेर पडला आणि १८७४ ला परत आला, तो थेट नगरला. दुष्काळातल्या कामाबद्दल त्याला सरकारनं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. (धर्मांतराचा वाद मला इथं काढायचा नाही. तो कॉमेंटमध्ये येणारच आहे.)

आता एक बारीक गोष्ट बघा. हीच माणसं इथल्या पोरांना शिकवत होती ती मराठीत. सिंथिया फॅरार १८२७ ला मुंबईत आल्या, नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी नगरची ही शाळा पाहिली होती, हे आपण पाठ्यपुस्तकातनं ओळखतो. म्हणजे इथल्या लेकरांसाठी मराठी शाळा आणि स्वतःच्या लेकरांसाठी अमेरिका. ह्यात भेदभाव होता का? होताच, रंगाचाही होता. पण मूल ज्या भाषेत जगणार त्या भाषेत शिकवायचं, हा हिशोब मात्र त्यांनी दोन्हीकडं एकच लावला होता.

लेकरांच्या ताटातुटीवर उपाय काढला तो दक्षिणेतल्या मिशनऱ्यांनी. मदुरेजवळ पळणीच्या डोंगरात कोडाईकनाल. उंची सुमारे सात हजार फूट, हवा थंड, मलेरिया नाही. उन्हाळ्यात वेगवेगळ्या मिशनची कुटुंबं तिथं जमायची. १ जुलै १९०१ रोजी तिथं ‘हायक्लर्क’ नावाच्या जुन्या हॉटेलात शाळा सुरू झाली. मुलं किती? तेरा. चालवायला कोण? मार्गारेट एडी नावाची एक बाई, जिचा स्वतःचा मुलगा मिशनरी म्हणून इकडं आलेला. पुढं अनेक मिशननी मिळून ही शाळा चालवली आणि आपल्या मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांची पोरंही तिथं जायला लागली. उत्तरेत मसुरीला वुडस्टॉक होती, १८५४ ची. काही कुटुंबं तिकडं पाठवत.

मला ह्या शाळेच्या इमारतीपेक्षा तिचं वेळापत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. कोडाईची मोठी सुट्टी ऑक्टोबरच्या मध्यापासनं जानेवारीपर्यंत. का? तर एप्रिल-मेमध्ये मैदानात आग पडायची तेव्हा आईबापच वर यायचे, बंगली भाड्यानं घ्यायचे आणि तेवढे आठवडे मुलं बोर्डिंग सोडून घरी राहून शाळेत जायची. मग थंडीच्या दिवसांत, खाली हवा बरी असायची तेव्हा, मुलं आईबापाकडं उतरायची. म्हणजे मूल वर्षातनं दोनदा घरात. शाळेनं आईबापाच्या कामाचं वर्ष आधी बघितलं आणि मग घंटा लावली.

ह्या शाळेत शिकलेला एक मुलगा वेंगुर्ल्याचा होता. होय, आपल्या कोकणातल्या वेंगुर्ल्याचा. रॉबर्ट गोहीन. जन्म १५ ऑगस्ट १९१९. वडील तिथल्या मिशन दवाखान्यात डॉक्टर. वेंगुर्ल्याला रेल्वे नव्हती. घाट चढून वर आलं की मग गाडी, आणि गाडीनं दक्षिणेत ‘कोडाई रोड’ स्टेशनपर्यंत. तिथनं पुन्हा डोंगर. पंधराव्या वर्षापर्यंत तो इथंच शिकला, मग अमेरिकेला गेला. १९५७ मध्ये हा वेंगुर्लेकर प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, वय फक्त ३७. मुलींना तिथं पदवीला प्रवेश मिळू लागला तो त्याच्याच कारकिर्दीत, १९६९ ला. आणि १९७७ ला तो भारतात परत आला, अमेरिकेचा राजदूत म्हणून. सातव्या वर्षी बोटीवर बसवला असता तरी कदाचित हे सगळं झालं असतं. पण त्याचं बालपण इथं राहिलं, एवढं नक्की.

महाराष्ट्रातही अशा शाळा होत्या, जरा वेगळ्या वळणाच्या. देवळालीची बार्न्स स्कूल १९२५ ची. तिच्यामागं १८१५ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे एज्युकेशन सोसायटी, मूळ हेतू गरीब गोऱ्यांच्या पोरांना शिकवण्याचा. पाचगणीची सेंट पीटर्स १९०२ ची, चर्चची. तिथं १९५५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या झांझिबारहून आठेक वर्षांचं एक पारशी पोरगं आलं, फारुख बलसारा. बाप तिकडं इंग्रज सरकारच्या नोकरीत. पाचगणीत त्यानं पोरांचा बँड काढला. जगानं पुढं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. पुन्हा तीच गोष्ट : बाप कामावर परमुलखात, म्हणून मूल बोर्डिंगात.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले. व्हिसा आवळले, नागपूरच्या नियोगींच्या समितीचा अहवाल १९५६ ला आला, वातावरण बदललं. कोडाईच्या शाळेपुढं प्रश्न, मुलं आणायची कुठनं? मग भारतीय मुलांना दार मोठं झालं. १९७४ च्या सुमारास नावात ‘इंटरनॅशनल’ आलं आणि १९७६ मध्ये इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे ‘आयबी’ अभ्यासक्रम आणणारी ती देशातली पहिली शाळा ठरली. आईबाप परदेशी, बदली कुठंही होणार, म्हणून कुठल्याही देशात चालेल असं प्रमाणपत्र. त्या शब्दाचा एवढाच सरळ अर्थ होता. तो आपल्या पत्र्याच्या बोर्डावर कसा उतरला, हे बोर्ड रंगवणाऱ्यालाच ठाऊक.

आता आपल्या जिल्ह्यात या. घर सोडून कामाला जाणारे आईबाप आपल्याकडं कमी आहेत का? कळंब, वाशी, भूम, परंडा इकडनं दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसारासोबत लेकरं. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर थेट कर्नाटक. कर्नाटकात गेलेल्या पोराला गावच्या शाळेत कानडी. आपलं पुस्तक तिथं चालत नाही, तिथलं पुस्तक ह्याला वाचता येत नाही. परमुलखातल्या आईबापाचं मूल म्हणजे नेमकं हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेलं मूल मार्च-एप्रिलला परत येतं, तेव्हा इथं परीक्षा तोंडावर.

सरकारनं काही केलंच नाही असं नाही. कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. गावात हंगामी वसतिगृहं निघतात, म्हणजे मूल आजी-आजोबांकडं राहतं आणि जेवणाची सोय शाळेतनं. २०२१ ला संत भगवानबाबांच्या नावानं योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं. पण शाळेचं वर्ष मात्र जून ते एप्रिल, ते हललेलं नाही. डोंगरावरच्या त्या शाळेनं मात्र वर्ष बदलून घेतलं होतं.

पत्रकार म्हणून मला एवढंच हवंय : तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेल्या हंगामात वसतिगृह सुरू झालं का, झालं असेल तर कोणत्या तारखेला, आणि तुमच्या गावची टोळी कोणत्या तारखेला निघाली होती? दोन्ही तारखा आणि गावाचं नाव खाली लिहा. मुलांची नावं लिहू नका. दसऱ्याच्या आत मी ती यादी घेऊन शिक्षण विभागात जाणार आहे.