करीना, मायना आणि कुलवृत्तान्त

कुलवृत्तान्त हा मराठीतील विपुल, परंतु समीक्षेने फारशी दखल न घेतलेला गद्यप्रकार आहे. विसाव्या शतकात पुण्यातून, विशेषतः कोकणस्थ घराण्यांचे, असे जाडजूड ग्रंथ मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, स्थलांतरे आणि मग शाखेशाखेने व्यक्तींच्या नोंदी, अशी त्यांची ठरीव घडण असते. आपले नाव शोधावे, ते सापडले की ग्रंथ मिटावा, एवढाच त्याचा वाचनव्यवहार. हा मजकूर कोणाला उद्देशून लिहिला जातो आणि कोणत्या आधारांवर उभा राहतो, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकानेच विचारावयाचा आहे.

या प्रकाराचा पूर्वज वंशावळीत नव्हे, तर करीन्यात शोधावा लागतो. वतनाचा तंटा गोतसभेपुढे उभा राहिला की वादी व प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत. वतन कोणी मिळविले, कोणाच्या हातून कोणाकडे गेले, कोणत्या संकटात कागद जळाले वा हरवले, हे पिढीच्या क्रमाने सांगावे लागे. म्हणजे मराठीतील कुळकथा ही आरंभापासून दाव्याची भाषा आहे. तिला श्रोता आहे, तो निवाडा करणारा आहे आणि समोर विरुद्ध पक्षही उभा आहे.

पुणे जिल्ह्यातील कारी येथील जेधे घराण्याचे कागद या दृष्टीने मुळातून वाचावेत. जेधे करीन्यातील प्रसिद्ध प्रसंग अफजलखानाच्या स्वारीचा, म्हणजे १६५९ चा. कान्होजी जेधे आपल्या मुलांसह शिवाजीमहाराजांकडे येतात आणि वतनावर पाणी सोडतात. प्रसंग उत्कट आहे, संवाद नेटके आहेत. इतिहासकाराने त्यातून कान्होजींची निष्ठा उचलली, ते योग्यच. परंतु वतन सोडल्याची ही कथा वतनदार घराण्याने आपल्या मानाचा आधार म्हणून जपली आहे. त्यागाचे वर्णन येथे हक्काचा पुरावा होते. हा विरोधाभास ध्यानात न घेता करीना वाचणे म्हणजे वकिलाचे भाषण रोजनिशी म्हणून वाचण्यासारखे आहे.

याच घरातील जेधे शकावलीचा स्वभाव अगदी वेगळा. तीत शक, मास, तिथी आणि एखाद्या ओळीची नोंद. कथन जवळजवळ नाहीच. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. शिवजन्माची बखरींमुळे रूढ झालेली शके १५४९ ची मिती तिने डळमळीत केली आणि शके १५५१, फाल्गुन वद्य ३ ही मिती पुढे आणली. या मितीला शिवभारताचा दुजोरा मिळाला. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख महाराष्ट्र शासनाने मात्र २००१ मध्ये स्वीकारली. एका घराने जपलेल्या दोन कागदांपैकी जो स्वतःच्या घराविषयी कमी बोलतो, त्याने इतिहासाला अधिक दिले.

इंग्रजी अमलात निवाडा करणारा बदलला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदार घराण्यांना सनदा व वारसा सिद्ध करणे भाग पडले. वंशवृक्ष हा सरकारी तपासणीला सामोरा जाणारा कागद झाला. विसाव्या शतकातील कुलवृत्तान्तात वतनाचा प्रश्न उरला नव्हता, तरी मांडणीतील तो बचावाचा सूर सुटला नाही. मूळपुरुषाविषयी लिहिताना संपादकाची भाषा आजही साक्षीदाराची होते.

पत्रांचे तसे नाही. पत्र लिहिणाऱ्याला वंश सिद्ध करावयाचा नसतो. म्हणूनच वंशाविषयी ते नकळत बोलून जाते, आणि बहुधा मजकुरापेक्षा मायन्यात. ‘तीर्थरूप’ की ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार’ की ‘आशीर्वाद’, यावरून लिहिणारा वडील की धाकटा हे कळते. अर्थात मायना हा संकेत आहे, जन्मनोंद नव्हे. ‘मातुश्री’ हे संबोधन आदरानेही येते आणि ‘राजश्री’वरून तर नात्याचा काहीच बोध होत नाही. त्यात घरगुती नावांचा घोळ. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव. आणि ज्यांना नानासाहेब म्हणत ते पेशवे बाळाजी बाजीराव. आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाचे आणि वडिलांचे नाव उच्चारावयाचे नाही, या दोन रीतींनी संशोधकाची जेवढी दमछाक केली आहे तेवढी वाळवीनेही केली नसेल.

कुलवृत्तान्तासाठी पत्राचा गोषवारा केला की पहिल्याप्रथम गळतो तो हा मायनाच. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली ती अस्सल कागद समग्र वाचकापुढे ठेवण्याच्या आग्रहाने. घराण्यांच्या इतिहासकारांनी राजवाड्यांना वंदन केले. हा आग्रह मात्र क्वचितच पाळला.

यात सर्वाधिक हानी स्त्रियांच्या वृत्तान्ताची झाली. वंशवृक्षात मुलीची फांदी तिच्या सासरच्या आडनावापाशी थांबते; जुन्या पिढ्यांतील सुनांची तर नावेही सापडत नाहीत. पत्रात मात्र त्या भेटतात, त्याही नेमक्या अवस्थेसह. जुन्या पत्रांत अनेकदा चंद्र वा तिथी असते, वर्ष नसते. अशी एकाच स्त्रीला लिहिलेली दोन पत्रे समोर आहेत असे समजा. एकात ‘वज्रचुडेमंडित’ किंवा ‘सौभाग्यवती’ आहे, दुसऱ्यात ‘गंगाभागीरथीसमान’. पत्रांचा क्रम लागतो, पतीच्या मृत्यूचा काळ त्या दोहोंच्या मध्ये येतो आणि वंशवृक्षातील एका पुरुषाला मृत्यूची अंदाजी मिती मिळते. दोन्ही पत्रांचा मजकूर कदाचित भाताच्या खंडीविषयी आणि घरदुरुस्तीविषयी असेल. कुलवृत्तान्तात ती मिती तिच्या पतीच्या नावापुढे कंसात पडते. तिचे नाव, ज्या कागदावरून ही मिती काढली त्यावर लिहिलेले असूनही, वृक्षात येत नाही.