एका पट्टकृमीचीं दोन नांवें

ज्या प्राण्याचें आयुष्य तीन निरनिराळ्या घरीं जातें, त्याचें नांव कोणत्या घरावरून ठेवावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. परंतु याच प्रश्नानें युरोपांतील प्राणिशास्त्रज्ञांना शंभर वर्षांहून अधिक काळ घोटाळ्यांत पाडलें. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां, पोटांतील जंत आपोआप उपजतात कीं बाहेरून येतात, या फार मोठ्या वादावरहि प्रकाश पडला.

टिबुकल्या, कुरव इत्यादि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या आंतड्यांत फितीसारखे चपटे, पांढरे कृमि सांपडतात. त्यांस पट्टकृमि म्हणतात. दिसण्यांत तसेच कृमि गोड्या पाण्यांतील माशांच्या उदरपोकळींतहि आढळतात. ते कधीं कधीं इतके वाढतात कीं, माशाचें पोट फुगतें आणि आंतील गाभोळीची वाढच खुंटते.

१७५८ सालीं लिनीयसनें या कृमीस आपल्या वर्गीकरणांत जागा दिली, ती मेंढ्यांच्या यकृतांतील चपट्या कृमीच्या पंक्तीस. पुढें १७८२ सालीं बर्लिनचा वैद्य व मत्स्यशास्त्रज्ञ मार्कस ब्लॉख यानें त्यास तेथून काढून ‘लिगुला’ ही स्वतंत्र प्रजाति निर्माण केली. मात्र माशांतील लिगुला वेगळा व पक्ष्यांतील वेगळा, असें त्यानें मानलें. त्यास तसें कारणहि होतें. माशांतील कृमींत जननेंद्रियें पूर्णपणें तयार झालेलीं नसत. पक्ष्यांतील कृमि अंड्यांनीं भरलेले असत. शिवाय जंत हे प्राण्याबरोबरच जन्मास येतात, असें ब्लॉखचें मत होतें. आणि हें मत एकदां स्वीकारलें, म्हणजे माशाचा कृमि पक्ष्याचा होईल कसा?

या समजुतीला पहिला धक्का कोपनहेगन येथें बसला. तेथील पशुवैद्यकीय शाळेचा संस्थापक पीटर क्रिश्चन आबिल्डगार्ड यानें स्टिकलबॅक नांवाच्या लहान माशांतील कृमि पाहिले होते. हे लिगुलाच्याच जवळच्या नात्याचे होते. पुढें १८२९ सालीं त्यांना ‘शिस्टोसेफॅलस’ हें नांव मिळालें. आबिल्डगार्डनें असे मासे बदकांना खावयास घातले आणि नंतर त्यांचीं आंतडीं तपासलीं. माशांतील कृमि बदकांच्या आंतड्यांत जिवंत असून ते वयांत आलेले होते! हा प्रयोग १७९० सालीं प्रसिद्ध झाला. एका यजमानांतील कृमि दुसऱ्यांत जाऊन पूर्णत्वास पोंचतो, हें येथें प्रत्यक्ष दाखविलें गेलें.

तथापि एका प्रयोगानें जुनीं मतें हालत नाहींत. कृमिशास्त्राचा महापंडित रुडोल्फी यानें १८०८ ते १८१० या काळांत आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. पण जंत शरीरांत आपोआप उत्पन्न होतात, हेंच तो मानीत राहिला. माशांतील व पक्ष्यांतील लिगुलांना त्यानें निरनिराळीं नांवें दिलीं. इतकेंच नव्हे, तर पक्ष्यांतील कृमींच्या अंगावरील अंडाशयांच्या मांडणीवरूनहि जाति पाडल्या. पुढें १८७६ व १८७७ सालीं फ्रान्समध्यें द्युशां व दोनादिये यांनीं लिगुलावर विस्तृत संशोधन प्रसिद्ध केलें, आणि या नांवांच्या गर्दीस ओहोटी लागली.

एक दुवा मात्र अजून निखळलेला होता. माशांत हा कृमि येतो कोठून? १९१८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्यें रोझेन यानें तो जुळविला. पक्ष्याच्या विष्ठेबरोबर अंडीं पाण्यांत पडतात. त्यांतून निघालेला सूक्ष्म जीव झिंग्याच्या वर्गांतील अतिसूक्ष्म जलचर गिळतो. त्या जलचरास मासा खातो. माशास पक्षी खातो. कृमीची बहुतेक सारी वाढ माशांतच होते. पक्ष्याच्या पोटांत तो थोडेच दिवस जगतो, अंडीं घालतो आणि मरतो.

या थोड्या दिवसांत पक्षी त्याला असें काय देतो? १९४६ सालीं जे. डी. स्मिथ यानें शिस्टोसेफॅलसचे माशांतील कृमि कांचपात्रांत ठेवून त्यांस ४० अंश सेंटिग्रेड उष्णता दिली. दोन-तीन दिवसांत ते वयांत आले. थंड रक्ताच्या माशांत जें महिनोन्महिने घडत नाहीं, तें पक्ष्याच्या अंगच्या उबेनें घडतें, असें यावरून दिसून आलें.

वर्गीकरणाचें काम एवढ्यानें संपलें नाहीं. हिंदुस्थानांतील पट्टकृमींचें वर्णन टी. साउथवेल यांनीं १९३० सालीं दोन खंडांत प्रसिद्ध केलें. २००८ सालीं तर, हे कृमि ज्या गणांत घातले होते, तो गणच मोडून त्याचे दोन करावे, असें संशोधकांनीं सुचविलें. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून असेंहि दिसतें कीं, ज्यास एकच लिगुला समजत, त्यांत डोळ्यांना न ओळखतां येणारे अनेक वंश आहेत. पूर्वीं एका कृमीस अनेक नांवें मिळालीं. आतां एका नांवाखालीं अनेक कृमि सांपडत आहेत. प्राणी कोठें सांपडला, एवढ्यावरून त्याचें नांव ठरवूं नये. त्याचा जन्मापासून मरणापर्यंतचा प्रवास पाहावा, हाच आबिल्डगार्डच्या बदकांनीं दिलेला धडा होय.